पाऊण भाकरीतून तिसरा हिस्सा

बोरखडकी, ता. वर्धा
११ जुलै १९७८

प्रिय दादा,

सप्रेम जयभीम.

बँकेत रुजू व्हायची मुदत परवा संपली. मी गेले नाही. मागच्या महिन्यात सिंदी मेघेच्या घरातून निघताना तू दारात म्हणाला होतास, "नाही गेलीस तर मला पत्र टाकू नको." म्हणून पहिलं पत्र तुलाच टाकते आहे.

तुझं म्हणणं मला पाठ आहे. बाबांनी गाव सोडलं, वर्ध्याला येऊन टिनाच्या दोन खोल्या बांधल्या, तुला इंजिनियर केलं, मला डी.एड. केलं, ते पुन्हा गावातल्या लोकांच्या दारात उभं राहण्यासाठी नाही. खरं आहे. पण मी कोणाच्या दारात उभी नाही. मी वर्गात उभी आहे आणि त्यांची पोरं माझ्यासमोर बसली आहेत. हा फरक तुला भिलाईहून दिसत नसेल, मला इथून चांगला दिसतो.

आई माझ्याबरोबर आहे. तिला तुझ्याकडे यायचा आग्रह मीही करून पाहिला. म्हणाली, "तिथी शेजारीपाजारी समदे हिंदी बोलतेत. मी कोनासंग भांडू?" आंजीला बस सोडली की दीड कोस आत चालावं लागतं. आपल्या वस्तीत एक खोली मिळाली आहे, पुढे ओसरी आहे, आईची चूल मांडून झाली.

माझ्याकडे चौथीचा वर्ग आला. हेडमास्तर मधुकरराव साधे गृहस्थ आहेत. पहिल्याच दिवशी म्हणाले, "बाई, अपूर्णांक झालेले आहेत. पोरांचं तोंडपाठ आहे." मी फळ्यावर एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश लिहिलं. सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "दोन पंचमांश!" वर एक नि एक दोन, खाली दोन नि तीन पाच. मधुकरराव दारात उभे होते. मान डोलावून निघून गेले.

मग वजाबाकी घातली. तीन चतुर्थांशातून एक तृतीयांश गेले. तीनातून एक गेला दोन, चारातून तीन गेले एक. उत्तर दोन! पाऊण भाकरीतून तिसरा हिस्सा खाल्ला आणि उरल्या दोन भाकरी. असं असतं तर आपल्या आजोबांना कशाला उपाशी झोपावं लागलं असतं?

मला हसू आलं, आणि त्याच क्षणी कळलं की मी बँकेत गेले नाही हे फार बरं झालं.

तुझी,
मीरा


बोरखडकी
२७ ऑगस्ट १९७८

प्रिय दादा,

जयभीम. तुझं उत्तर नाही. नसू दे, माझ्याजवळ सांगण्यासारखं पुष्कळ आहे.

दोन पंचमांशाचा निकाल लागला. मी पुसून टाकलं नाही, चूक आहे असंही म्हटलं नाही. वर्तमानपत्राच्या सारख्या पट्ट्या कापून सगळ्यांना दिल्या. एका पट्टीची घडी घालून अर्धी करायची, दुसरीचे पाच सारखे भाग करून त्यातले दोन रंगवायचे, आणि दोन्ही शेजारी ठेवायच्या. रामाजींची कांता म्हणून एक मुलगी आहे. मारुतीच्या देवळासमोरचं मोठं घर त्यांचं. मुलगी तिखट आहे, एका जागी बसत नाही. तिने पट्ट्या दोनदा उलटसुलट ठेवून पाहिल्या आणि उभीच राहिली.

"बाई, हे लबाडी हाये."

"कोणाची?"

"आपल्यापाशी अर्धी होती. तिच्यात अजून टाकली. अन् आता अर्धीहून कमी भरून राह्यली! टाकलेली कुठी गेली?"

सगळा वर्ग तिच्या पट्ट्यांवर येऊन पडला. दादा, ते दृश्य तू पाहायला हवं होतंस. दोन वर्षं ओरडून म्हटलेलं उत्तर त्यांच्या हातातच खोटं पडलं आणि एकालाही वाईट वाटलं नाही. उलट चोर सापडल्यासारखा आनंद.

मग मी त्यांना भाकरीवर आणलं, कारण कागदाची पट्टी कोणी खात नाही. डबे उघडायला लावले आणि तिथेच अडलं. कांताची भाकरी तव्याएवढी, तर आपल्या वस्तीतल्या एका मुलाची जेमतेम तळहाताएवढी. तिची अर्धी त्याच्या सगळीपेक्षा मोठी. कोणाच्या अर्ध्यात कोणाचा तिसरा हिस्सा मिळवायचा? मुलांनाच सुचलं की भाकरी सारख्या पाहिजेत.

आईने केल्या. भाकरी थापून त्यावर आपली जर्मनची थाळी पालथी घालायची आणि कडेने बाहेर आलेलं पीठ काढून टाकायचं. सगळ्या एका मापाच्या. वर्गात चादर अंथरली. अर्ध्या भाकरीचे तीन तुकडे केले, तिसऱ्या हिश्शाचे दोन केले. आता सगळे तुकडे सारखे झाले, म्हणून मोजता आले. पाच. अशा तुकड्यांची अख्खी भाकरी सहांची, म्हणून सहातले पाच. लसावि हा शब्द मी नंतर सांगितला. आधी त्यांनी तो हाताने केला होता. उत्तर बरोबर आलं की गणित खाऊन टाकायचं, असा आमचा नियम आहे.

सध्या हजेरी थोडी कमी आहे. तापाची साथ आहे म्हणतात.

आई बरी आहे. वहिनींना नमस्कार, विशाखाला पापा.

मीरा


बोरखडकी
२४ सप्टेंबर १९७८

प्रिय दादा,

तुझं कार्ड मिळालं. दोनच ओळी: "सगळं कळलं. नोकरी सोड, आईला घेऊन ये." आंजीच्या बाजारात आपला मावसभाऊ भेटला होता तेव्हाच वाटलं की बातमी भिलाईला पोचणार.

बरं, ताप नव्हता. मी तुला तसं लिहिलं, कारण खरं लिहिलं असतं तर तू पत्र न वाचताच "मी म्हटलं नव्हतं?" म्हणाला असतास. आता ऐक.

भाकरीच्या दुसऱ्या दिवशी कांताची आजी मनकर्णाबाई शाळेत आल्या. पायरीशीच उभ्या राहिल्या.

"बाई, काल आमच्या पोरीनं काय खाल्लं?"

"सहातले पाच तुकडे झाले होते, त्यातला एक तिच्या वाट्याला आला."

"कोनाच्या हातची होती?"

"माझ्या आईच्या."

"तुमाले ठाऊक नाई का आमचं?"

"ठाऊक आहे, आजी. म्हणूनच लपवून दिली नाही, सगळ्यांसमोर दिली."

त्यांनी कांताला हाक मारली. कांताचा हात धरून घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग रिकामा होता. पंचायत समितीत अर्ज गेला की नवीन बाई अभ्यास सोडून पोरांना बाटवतात. मधुकररावांनी मला बोलावलं. 

"बाई, खडूनं शिकवा ना. भाकर कायले मधात आनता? दोन ओळी लिहून द्या की पुन्हा होनार नाही. मी मिटवतो."

"सर, आधी तुम्ही सांगा, पोरांना आता बेरीज येते की नाही?"

"येते," ते म्हणाले. "तेच तर पंचाईत आहे."

मी दोन ओळी लिहून दिल्या नाहीत.

मराठवाड्यातल्या नामांतराच्या दंगलीच्या बातम्या वाचून तुला झोप येत नाही हे मला माहीत आहे. त्या मीही वाचते. आपल्या लोकांची घरं जळतात तिथे भाकरीचे तुकडे मोजत बसणारी बहीण तुला वेडी वाटत असेल. पण इथे कोणी काठी घेऊन आलेलं नाही. आले आहेत ते पोरांना घरी बसवणारे बाप, आणि त्यांच्याशी बोलता येतं. मी बोलते आहे. रोज शाळा सुटली की एकेका घरी जाते. अंगणात उभी राहते. बस म्हटलं तर बसते, नाही म्हटलं तर उभ्यानेच बोलते.

रामाजींच्या अंगणातही गेले होते. ते मान खाली घालून म्हणाले, "बाई, माहं काई नाई. पन मायच्या शब्दाबाहेर मी जात नाई." मी म्हटलं, "जाऊ नका. मी फक्त उद्याची उदाहरणं सांगायला आले आहे." आणि अंगणातूनच मोठ्याने सांगितली. दाराआड बांगड्या वाजल्या. कांताची आई रुख्माबाई आत उभी होती, आणि तिच्याजवळ पाटीवर पेन्सिलीचा आवाज येत होता.

दादा, आई रडली हे मी लपवत नाही. भाकरी कोणी नाकारली याचं तिला नवल नाही, म्हातारीचं सगळं आयुष्य त्यातच गेलं. "लेकरानं गोडीनं खाल्ली होती व," एवढंच म्हणाली. त्यानंतर तीच मला म्हणाली, "नोकरी सोडशीन त मी तुह्यासंग यायची नाई. मी इथीच राहीन."

तेव्हा आम्ही दोघीही येत नाही. अर्धा वर्ग येतो, त्याला मी पूर्ण वर्ग समजून शिकवते.

मीरा


बोरखडकी
१९ नोव्हेंबर १९७८

प्रिय दादा,

जयभीम. तुझ्याकडून पुन्हा शांतता. म्हणजे रागावला आहेस, पण माझी पत्रं फाडत नाहीस. वहिनींनी आईला लिहिलं, त्यात कळलं.

दिवाळीनंतर शाळेच्या पटांगणात पालकांची सभा झाली. अर्ज करणारे अण्णाजी पुढे बसले होते, सरपंच होते, आपल्या वस्तीतले लोक कडेला होते. मी आईला मधल्या रांगेत बसवलं. मधुकरराव म्हणाले, बाईंनी माफी मागावी, मुलं परत यावीत, विषय संपला. सगळे माझ्याकडे बघू लागले.

मी उभी राहिले, पण मला बोलायची पाळीच आली नाही. बायकांच्या बाजूने रुख्माबाई उठली. डोक्यावरचा पदर सारखा करून सासऱ्या-दिरांसमोर बोलायला लागली.

"माफीचं तुमी पाहा. माहं गाऱ्हानं येगळं हाये. पोट्टी दोन महिने झाले घरी बसून राह्यली. ताटात भाकर पडली का तिचे बारा तुकडे करते. आपलीच नाई, समद्यायच्या ताटातली तोडते. बापाचा तिसरा हिस्सा काढून आजीच्या पाव भाकरीत टाकते अन् इचारते, आता किती झाली? आमाले सांगता येत नाई त हासते. मंग आमी जेवाव कवा? एक त तिले शाळेत न्या, नाई त मले बी शिकवा."

पहिल्यांदा वस्तीच्या बाजूचे हसले, मग सरपंच, मग रामाजी. रामाजींना मी तेव्हाच पहिल्यांदा हसताना पाहिलं.

अण्णाजी हसले नाहीत. म्हणाले, "शिकवा. पन भाकर बाईच्या घरची नको."

तेव्हा मी बोलले. "भाकरी कोणाच्याही घरची चालेल. रोज एका घरून येऊ द्या, पाळीपाळीने. पण ज्या दिवशी वस्तीतल्या घराची पाळी असेल त्या दिवशी तीच येईल, आणि चादर एकच राहील. हे मान्य नसेल तर मी उद्यापासून खडूने शिकवीन, आणि तुमची पोरं पुन्हा पाऊण भाकरीतून तिसरा हिस्सा काढून दोन भाकरी उरवतील. ती पोरं उद्या तुमच्या शेताचे हिस्से करतील. विचार करा."

सरपंचांनी विचार करायला वेळ घेतला नाही. मान्य म्हणाले. अण्णाजींनी आपली दोन्ही मुलं आंजीच्या शाळेत नेऊन घातली. ती गेलीच. मी त्यांच्याही अंगणात जाऊन आले, पण परत आली नाहीत. सगळे परत आले असं मी तुला लिहिणार नाही.

मात्र घराघराची भाकरी वेगळी निघाली, म्हणजे पुन्हा पहिली अडचण! तेव्हा ठरलं की एकच माप घरोघर फिरवायचं. माप कुठलं? आईची जर्मनची थाळी. आता ती थाळी वस्तीतून निघते आणि ज्यांची पाळी त्यांच्या चुलीपाशी जाते. मनकर्णाबाईंनी पहिल्या वेळी ती अंगणातच राखेने घासली, उन्हात ठेवली, पुन्हा घासली. आई म्हणाली, "घासू दे. इतकी चकचकीत मी बी कधी ठेवली नवती."

कांता आता माझ्यापुढे हात वर करत नाही. सरळ फळ्यापाशी येते.

मीरा


बोरखडकी
८ एप्रिल १९७९

प्रिय दादा,

जयभीम. तुझं पत्र आलं. कार्ड नाही, पाकीट! आईने उघडायच्या आधी ते दोन्ही बाजूंनी पाहून घेतलं.

आधी माझ्याकडचं सांगते. अर्जावरून विस्तार अधिकारी चौकशीला आले. मला काहीच विचारलं नाही, सरळ वर्गात गेले आणि फळ्यावर तीन चतुर्थांश वजा एक तृतीयांश लिहिलं. मुलांनी पाट्या वर केल्या. पाच द्वादशांश. एक-दोघांचं चुकलं, पण दोन भाकरी कोणीही उरवल्या नाहीत. साहेबांनी वस्तीतल्या एका मुलाला उभं केलं, "हे बारा कुठून आणले रे?"

तो म्हणाला, "साहेब, चार हिश्शे अन् तीन हिश्शे एकमेकाले जुळत नाई. दोघायचे बारीक तुकडे करा लागते. पाऊणचे नऊ झाले. तिसऱ्या हिश्शाचे चार. ते खाल्ले."

"कोणी खाल्ले?"

"कांतानं," तो म्हणाला. "आज खायची पाळी तिची होती."

साहेब बाहेर आले आणि मधुकररावांना विचारलं की हे भाकरीचं प्रकरण कोणाच्या परवानगीने सुरू झालं. मी पुढे होणार, तेवढ्यात मधुकरराव म्हणाले, "माझ्या."  मी कधी परवानगी मागितलीच नव्हती, दादा. साहेबांनी लिहून घेतलं. माझी बदली झाली नाही. पुढच्या वर्षी तिसरी आणि चौथी, दोन्हीचं गणित माझ्याकडे दिलं आहे.

मनकर्णाबाई अजून माझ्याशी बोलत नाहीत. परवा रस्त्यात समोर आल्या, उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे न बघता आईला म्हणाल्या, "जिजाबाई, तुमची थाळी लहान हाये. लेकराचं पोट भरत नाई." आई म्हणाली, "मंग तुमची द्या." त्या "पाहू" म्हणून पुढे गेल्या. दोघींचं काय ते ठरू दे, मी मध्ये पडलेली नाही.

आता तुझं. विशाखा अपूर्णांकात अडली आहे, तिच्या हिंदी शाळेत त्याला 'भिन्न' म्हणतात, तू तिला चार वेळा लसावि समजावून सांगितलास, ती रडली आणि तू ओरडलास. शेवटी लिहिलं आहेस, "तू कसं शिकवतेस ते कळव." हे वाक्य लिहायला तुला किती वेळ लागला असेल ते मला माहीत आहे. त्यापुढे दुसरं काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

तर लक्ष देऊन वाच. टेबल-खुर्ची सोड, खाली बस. वहिनींना सारख्या मापाच्या दोन पोळ्या करायला सांग. एकीची पाऊण ठेव, दुसरीचा तिसरा हिस्सा काप. दोन्ही तिच्यासमोर ठेव आणि विचार, हा एवढा मी खाल्ला तर तुझ्या पाऊणमधलं किती उरेल? लसाविचं नाव काढू नको. गुणाकार नको. वहीही नको. ती तुकडा तुकड्यावर ठेवून पाहील, बसणार नाही. मग तुझ्या तोंडाकडे पाहील. तेव्हा काही बोलायचं नाही. चुकीचं कापेल, कापू दे. पुन्हा पाहील, तरी नाही. तिला वेळ लागेल आणि तुझा जीव वर-खाली होईल. उत्तर तुझ्या ओठावर येईल, ते गिळायचं.

माझ्या शिकवण्यात सगळ्यात अवघड भाग हाच आहे, आणि तो मी अजून शिकते आहे. तुला मात्र तो शिकवावा लागणार नाही. जवळ बसून गप्प राहायचं आहे, दादा. वर्षभर तू लांबून गप्प राहिलासच ना.

तुझी बहीण,
मीरा